‘समुद्री गवत आढळले नाही’ : खाडीच्या पाण्यातून काढलेला माग

‘सर्वेक्षण कालावधीत सदर क्षेत्रात समुद्री गवत आढळले नाही.’ खाडीतला गाळ उपसून जेटीपर्यंतचा मार्ग खोल करायचा प्रस्ताव होता, त्याला जोडलेल्या पर्यावरण अहवालात गवताबद्दल एवढंच वाक्य होतं. त्याखाली लगेच पक्ष्यांची यादी सुरू झाली होती. वाक्य खोटं नव्हतं. ज्या दिवशी पाहिलं त्या दिवशी खरोखरच गवत दिसलं नव्हतं. पण कार्यालयात पोचेपर्यंत ‘दिसलं नाही’चं ‘नाही’ झालं आणि प्रस्ताव पुढे सरकला.

हे प्रकरण अभ्यासवर्गासाठी बेतलेलं आहे. त्यातली खाडी, गाव आणि माणसं बिननावाची आहेत. पाणी, चिखल आणि प्रयोगशाळा मात्र कोकणात जशा वागतात तशाच इथे वागतात.

खाडी आणि तंटा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातली, मालवणच्या दक्षिणेकडची मध्यम आकाराची खाडी. मुखाशी वाळूचा दांडा आणि आत एक मोठं वळण. वळणाच्या आतल्या अंगाला सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघडी पडणारी चिखलाची सपाटी आहे, तिच्या मागे चिप्पी आणि तिवरांचं कांदळवन. कांदळवनातून एक व्हाळ (ओढा) येऊन सपाटीच्या टोकाला खाडीला मिळतो. जेटी वळणाच्या पलीकडे आहे.

बोटवाल्यांची मागणी खोटी नव्हती. गाळ साचत गेल्यामुळे मासळी घेऊन आलेली बोट पाणी चढेपर्यंत दांड्याबाहेर ताटकळते. तोवर बर्फ वितळतो आणि लिलावात भाव पडतो. हे वर्षानुवर्षं सोसणाऱ्यांना कुणी बोटाएवढ्या गवताची गोष्ट सांगितली तर ते हसणारच.

ग्रामसभेत अहवाल वाचून दाखवला गेला तेव्हा हरकत घेतली ती चिखलातल्या तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या एका काकींनी. “गवत नाय कसा? थंडीत आमच्या पायाखालीच असता. पावसात जाता नि परत येता.” सभेच्या अध्यक्षांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. मात्र एका बाजूला छापील अहवाल आणि दुसऱ्या बाजूला काकींचे पाय, असा सामना झाला की कागदाचं पारडं कुठे झुकतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कागद महत्त्वाचा होता, कारण २०१९च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत समुद्री गवताची कुरणं कांदळवनं आणि प्रवाळांबरोबर सर्वांत संवेदनशील वर्गात, म्हणजे सीआरझेड-१अ मध्ये येतात. गवत असेल तर तिथे गाळउपशाचे प्रश्न वेगळे होतात. नसेल तर काम सोपं. हरकत नोंदवायची मुदत संपत आली होती आणि काकींची ‘थंडी’ अजून दोन-अडीच महिने लांब होती.

दुपारची सुकती

सर्वेक्षण करणारे पावसाळा सरता सरता आले होते. दुपारी बाराच्या सुमारास, ओहोटी पाहून आले होते, म्हणजे वरवर पाहता योग्य वेळी. गोम इथेच आहे.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि सुकती बाराच्या. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराकडे येते, सुकती पहाटे आणि संध्याकाळी. आता उधाण येतं पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि अष्टमीच्या आगेमागे असतो भांग. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही जातं. भांगात धड चढत नाही, धड उतरत नाही. दोन्ही गोष्टी जुळवल्या की निघतं ते असं: आपल्या किनाऱ्यावर भर दुपारची सुकती ही नेहमी भांगाची सुकती असते. कार्यालयीन वेळेत ओहोटी गाठणाऱ्याला सपाटीचा खालचा भाग कधीच पुरता उघडा दिसत नाही. त्यावर हातभर गढूळ पाणी असतं आणि तळ दिसत नाही. मला वाटतं या किनाऱ्यावरच्या बऱ्याच ‘आढळले नाही’ नोंदींची वेळ आणि तिथी कुणीतरी एकदा तपासून पाहावी.

दुसरी गोम ऋतूची. या चिखलात अपेक्षित असलेली जात हॅलोफिला बेकारी. हे शेवाळ नाही. मुळं, पानं, फुलं, बिया असलेली सपुष्प वनस्पती आहे. आशर्सन यांनी १८७१ मध्ये तिचं वर्णन केलं आणि इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेकारी यांचं नाव तिला दिलं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ती ‘असुरक्षित’ आहे. पान म्हणाल तर तांदळाच्या दाण्याहून थोडं लांब, आणि अशी पाच-सहा ते आठ पानं एका बारीक देठाच्या टोकाला झुबक्याने. ती खाऱ्या-मचूळ खाडीत, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, बहुतेकदा कांदळवनाच्या कडेला वाढते. तिची कुरणं टिकाऊ नसतात. पावसात गोडं पाणी आणि गाळ आला की वरचा भाग नाहीसा होतो, चिखलात पडलेल्या बियांतून पुढच्या मोसमात पुन्हा उगवतो, आणि दरवर्षी त्याच जागी उगवेलच असं नाही. म्हणजे काकींचं वाक्य वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शोभलं असतं.

पाण्याला काय विचारायचं

गावाने जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी सुचवला तो पर्यावरणीय डीएनएचा मार्ग. कुठलाही जीव पाण्यात राहतो तेव्हा त्याच्या पेशी, पानांचे तुकडे, परागकण, सडलेला भाग पाण्यात मिसळत राहतो. ते पाणी बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचं, गाळणीवर उरलेल्यातून डीएनए वेगळा काढायचा आणि त्यात हव्या त्या जातीची खूण आहे का ते पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करणाऱ्या चाचणीने, पाहायचं. मोठ्या प्राण्यासाठी हे पाण्यावर यशस्वी झाल्याचं २००८ मध्ये फ्रान्समधल्या तळ्यांतल्या अमेरिकन बुलफ्रॉगवरच्या कामातून दिसलं. पाणवनस्पतींकडे लक्ष त्यानंतर वळलं. जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये एजेरिया आणि हायड्रिलावर ते वापरून पाहिलं. ही हायड्रिला म्हणजे आपण माशांच्या काचपेटीत सोडतो तीच.

काकींनी बाटल्या पाहून विचारलं, “पाणी व्हरून काय बघतलास, मास्तरांनू? गवत बघूचा असात तर चिखलात उतराक व्हया.” प्राध्यापकांनी उत्तर दिलं, “काकी, उतरायचंच आहे. पण कुठे आणि कधी उतरायचं, ते पाण्याला विचारतोय.” माझ्या मते अख्ख्या प्रकरणात तंत्राची इतकी नेमकी व्याख्या दुसऱ्या कुणी केली नाही, अहवालात तर नाहीच.

पहिला निर्णय खुणेचा. वनस्पती ओळखण्यासाठी क्लोरोप्लास्टमधले, म्हणजे पानातल्या हिरव्या कणांमधले, आरबीसीएल आणि मॅटके हे डीएनएचे दोन पट्टे २००९ पासून प्रमाण मानले जातात. तुटक्या, जुन्या डीएनएसाठी टीआरएनएल नावाच्या पट्ट्यातला एक अगदी आखूड तुकडा २००७ पासून वापरात आहे. असे सर्वसामान्य प्रायमर (हव्या त्या पट्ट्याला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरले की एका बाटलीतून सगळ्याच वनस्पतींची यादी मिळते. ऐकायला हे आकर्षक वाटतं, आणि प्रयोगशाळेचा आग्रहही त्याचाच होता. प्राध्यापकांनी एकाच नमुन्यावर ते करून घेतलं. यादीत आलं भात, नारळ, पोफळ, आंबा, काजू, तिवर, चिप्पी, दोनतीन जातींची रानगवतं आणि ढीगभर शेवाळ. समुद्री गवत शून्य.

असं होणारच होतं. पाऊस नुकताच संपलेला, भातकापणी तोंडावर आलेली, सगळा डोंगरउतार व्हाळातून खाडीत धुऊन येतो आहे. या भाऊगर्दीत बोटाएवढ्या गवताचा आवाज कुठून ऐकू येणार? पीसीआर त्या मिश्रणात जे जास्त आहे तेच जास्त वाढवतो. त्यामुळे यादीत नसणं हे खाडीत नसण्याचा पुरावा धरता येत नाही. आणि यादीत असणंही जपूनच वाचायला हवं. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी तो कागद पाहून सगळ्यांसमोर विचारलं, “यादीत भात असा. मगे खाडयेत भातशेती असा काय?”

सभेत हशा पिकला, पण हा प्रश्न कुठल्याही परीक्षकाने विचारावा असा आहे. पाण्यातला डीएनए सांगतो की वनस्पतीचा अंश या पाण्यात आलेला आहे. तो कुठून आला, वनस्पती उभी आहे की मेलेली, हे तो सांगत नाही. जगभरच्या समुद्रातून गोळा केलेल्या नमुन्यांत मोठ्या शेवाळांचा डीएनए किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवर सापडलेला आहे. खाडी त्यामानाने केवढीशी.

म्हणून मग एकाच जातीची चाचणी निवडली गेली. फक्त हॅलोफिला बेकारीला चिकटतील असे प्रायमर आणि प्रोब (नेमका तोच तुकडा वाढतोय हे दाखवणारा घटक), केंद्रकातल्या आयटीएस पट्ट्यावर. हॅलोफिलातल्या ओव्हॅलिस गटाच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या काढणं या पट्ट्यांवरही जिकिरीचं जातं. बेकारी त्या गटापासून बरीच दूर आहे, त्यामुळे इथे काम त्यामानाने सोपं झालं. तरी चाचणी आधी खऱ्या रोपावर चालते का ते बघायला दुसऱ्या एका खाडीतून नमुना आणला. तिवर, चिप्पी, हॅलोफिला ओव्हॅलिस आणि रुपिया (मचूळ पाण्यातली आणखी एक वनस्पती) यांच्या डीएनएवर ती गप्प राहते, हेही तपासलं. हा भाग कंटाळवाणा असतो आणि पैसे खातो, म्हणून बरेच जण तो गाळतात. तो गाळला असता तर अध्यक्षांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नसतं.

बाटली भरताना

या प्रकरणातून दुसऱ्या खाडीसाठी काही उचलायचं तर ते इथलं आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

पाणी भरायची वेळ: उतरत्या पाण्याची शेवटची घटका. चढत्या पाण्यात समुद्राकडचं येतं. उतरत्यात सपाटीवरून आणि कांदळवनातून निथळलेलं येतं, आणि आपल्याला सपाटीलाच विचारायचं आहे. तरीही मुखाशी एक नमुना चढत्या पाण्याचा घेतलाच पाहिजे. नाहीतर खूण बाहेरून आली असेल ही शंका कायम राहते. बाटल्या खालून वर भरत जायच्या, म्हणजे होडीने आणि पायांनी ढवळलेला चिखल पुढच्या बाटलीत येत नाही. आणि सगळ्या बाटल्या भरून होईपर्यंत चिखलात कुणीही उतरायचं नाही. काकींनी हा नियम ऐकून तोंड वाकडं केलं, पण पाळला.

खरा धोका बाहेरून आणलेल्या खुणेचा असतो. दुसऱ्या खाडीत रोप आणायला जे बूट घातले होते तेच इथे घालून आलं तर आपलीच खूण आपल्याला सापडते. त्यामुळे बूट, बादल्या, दोऱ्या सगळं ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवून स्वच्छ पाण्याने धुतलेलं. प्रत्येक ठिकाणी ऊर्ध्वपातित पाण्याची एक बाटली उघडून तीही इतरांसारखीच गाळायची. तिच्यात खूण निघाली तर त्या दिवसाचं सगळं काम बाद. मासळीच्या थर्माकोल पेटीत बर्फ घालून नमुने न्यायला हरकत नाही, मात्र बाटल्या दुहेरी पिशव्यांत बंद हव्यात. गाळून झालेले कागद अल्कोहोलमध्ये ठेवले की प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास निभावतो. त्या प्रयोगशाळेत ताजं रोप ज्या खोलीत हाताळलं, त्या खोलीत पाण्याचे नमुने उघडायचे नाहीत.

कोकणातल्या खाडीच्या पाण्याची आणखी दोन दुखणी आहेत. एक म्हणजे गाळ. पुस्तकात लिहिलेली पाऊण किंवा अर्ध्या मायक्रॉनची गाळणी पावसानंतरच्या पाण्यात पेलाभरातच तुंबते. इथे जरा मोठ्या छिद्रांची गाळणी घेतली आणि एका नमुन्यासाठी तीन-चार कागद वापरून पुढे एकत्र केले. वनस्पतीचा डीएनए बराचसा पेशींत आणि पानांच्या चुऱ्यात अडकलेला असतो, त्यामुळे मोठ्या छिद्रांनी फारसं बिघडत नाही. दुसरं दुखणं कांदळवनाचं. तिवर-चिप्पीच्या कुजणाऱ्या पाल्यातून पाण्यात टॅनिन आणि ह्युमिक आम्लं उतरतात आणि ती पीसीआरचं विकर अडवून धरतात. चाचणी नकारार्थी येते, खरं तर ती चाललेलीच नसते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नमुन्यात ओळखीचा कृत्रिम डीएनए मुद्दाम घालून तो वाढतो का ते बघणं. तोच वाढला नाही तर निकाल ‘नाही’ असा लिहायचा नसतो, ‘वाचता येत नाही’ असा लिहायचा असतो.

पहिली फेरी

पावसानंतरच्या पहिल्या फेरीत मुखाशी आणि जेटीशी काहीच मिळालं नाही. वळणावरच्या पाण्यात एक अगदी क्षीण खूण आली, तीही चार वेळा चाचणी केल्यावर एकदाच. अशा खुणेवर कुणी शपथ घेऊ नये. कांदळवनाकडचे नमुने अडलेले निघाले. दहापट पातळ करून पुन्हा लावले तेव्हा चाचणी चालली, पण इतक्या पातळ केलेल्या नमुन्यातलं ‘नाही’ फार दुबळं असतं.

चिखलाचेही नमुने घेतले होते, त्यांचा मात्र वेगळा सूर होता. सपाटीवरच्या वरच्या थरातल्या चिखलात खूण स्पष्ट होती, दोन-तीन जागी.

गावात तेवढ्यात बातमी फिरली की डीएनए सापडला, आता काम बंद. प्राध्यापकांना दोन्ही बाजूंना एकाच वेळी समजावत बसावं लागलं. उबदार, उन्हाच्या पाण्यात सुटा डीएनए काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत विरतो. चिखलातल्या मातीच्या कणांना चिकटला की तो वर्षानुवर्षं टिकतो. तळाच्या गाळातून तर हजारो वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अंश वाचता येतात. म्हणजे पाणी ‘हल्ली’ची साक्ष देतं आणि चिखल ‘कधीतरी’ची. या फेरीत मिळाली ती कधीतरीची साक्ष.

हरकतपत्रात काय लिहायचं यावर मग बरीच घासाघीस झाली. काहींना ‘डीएनए चाचणीत समुद्री गवत सिद्ध’ असं हवं होतं. ते लिहिलं असतं तर समोरच्या वकिलाने पाच मिनिटांत फाडलं असतं. शेवटी पत्रात तीन गोष्टी गेल्या: मूळ पाहणी भांगाच्या सुकतीला आणि गवत नसण्याच्या ऋतूत झाली, सपाटीच्या चिखलात या जातीचा अंश मिळाला आहे, हिवाळ्यात उधाणाच्या सुकतीला पुन्हा पाहिल्याशिवाय ‘आढळले नाही’ या नोंदीवर निर्णय घेऊ नये. पत्र दीड पानाचं होतं आणि त्यात गवत वाचवा वगैरे काही नव्हतं. मला ते पत्र या प्रकरणातला सर्वांत चांगला कागद वाटतो. मुदत वाढवून मिळाली.

थंडीतली फेरी

जानेवारीत पाणी निवळलं होतं आणि गाळण्या तुंबणं थांबलं होतं. उतरत्या पाण्यात वळणावर खूण जोरात आली. वळणाच्या वर, सपाटीच्या कडेने व्हाळाच्या तोंडापर्यंत ती मिळत गेली. व्हाळाच्या आत, गोड्या पाण्याकडे, काही नाही. मुखाशी चढत्या पाण्यात काही नाही. कोऱ्या बाटल्या कोऱ्याच राहिल्या. थोडक्यात, खूण समुद्रातून येत नव्हती आणि डोंगरावरूनही येत नव्हती. ती व्हाळाचं तोंड आणि वळण यांच्या मधूनच कुठूनतरी निघत होती.

सर्वांत जोरदार खूण वळणावर, म्हणून सगळे वळणाकडे बोट दाखवू लागले. काकी तिथे उतरायला तयार नव्हत्या. “थंय घाण साठता,” एवढंच त्या म्हणाल्या.

अमावास्येनंतरच्या द्वितीयेला सगळे निघाले. दोनाची पाऊणपट दीड; भरती दीडची, म्हणजे सुकती सकाळी साडेसात-पावणेआठची, उजेडात आणि उधाणाच्या पाण्यात. असे दिवस महिन्यात मोजकेच मिळतात. वळणावर गवताचं एक पान उभं नव्हतं. होता तो प्रवाहाने आणून टाकलेला पाल्याचा थर: तिवराची पानं, शेवाळ, प्लास्टिक, आणि त्यात निरखून पाहिलं तर बेकारीची तुटलेली, तपकिरी पडलेली झुबकी. सडणारं पान जिवंत पानापेक्षा जास्त डीएनए सोडतं. खूण जिथे जास्त, तिथे गवत जास्त असं समजून नकाशा काढला असता तर कचऱ्याच्या ढिगाभोवती संरक्षित क्षेत्राची रेघ पडली असती.

कुरण मिळालं ते वर, व्हाळाच्या तोंडाजवळ, चिप्पीच्या मुळांच्या पुढे सुरू होऊन सपाटीच्या मध्यापर्यंत पसरलेलं. दुरून पाहिलं तर चिखलावर हिरवट छटा, वाकून पाहिलं तर झुबके. काकींनी पायानेच कडा दाखवत नेलं. मागून जीपीएस घेतलेला विद्यार्थी. कडेने चालून हद्द घेतली, पन्नास सेंटिमीटरच्या चौकटी टाकून गवताने किती चिखल झाकलाय याचा अंदाज घेतला, दोन झुबके हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, दाबले. हे सगळं जुनंच काम आहे, आणि कुरण किती मोठं, किती दाट याचं उत्तर त्यानेच मिळालं. पाण्याच्या बाटलीतून चौरस मीटर निघत नाहीत. निघतात असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून वळणावरच्या ढिगाचा हिशेब आधी मागावा.

नकाशे एकावर एक

हद्द कागदावर आली तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. उपशाचा मार्ग कुरणातून जातच नव्हता. तो मुख्य प्रवाहात होता, जिथे सुकतीलाही तळ उघडा पडत नाही, पाणी बहुतेकदा गढूळ, उजेड तळाशी पोचत नाही, गवत उगवायचा प्रश्नच नाही. इतके महिने ज्यावरून भांडण झालं त्या रेषेवर गवत नव्हतं.

गवत होतं ते उपसलेला गाळ टाकायच्या जागेवर. प्रस्तावाच्या परिशिष्टात, फारसं कुणी न वाचलेल्या पानावर, उपसलेला गाळ ‘खाडीकिनारी उपलब्ध सपाटीवर’ पसरायचा असं लिहिलं होतं. उपलब्ध सपाटी म्हणजे हीच. बेकारीची मुळं उथळ असतात आणि देठ बोटभरही उंच नसतो, त्यामुळे वितभर गाळ पडला की खेळ संपतो. तिसऱ्यांचाही संपतो, आणि त्यावर कुणाची चूल चालते ते सभेत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

हे कळल्यावर सोसायटीचे अध्यक्ष आणि काकी यांच्यात भांडायला फारसं उरलं नाही. अध्यक्षांना मार्ग खोल हवा होता, गाळ कुठे टाकता याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. गाळ टाकायची जागा बदला, उपसा उतरत्या पाण्यात न करता चढत्या पाण्यात करा म्हणजे ढवळलेला गाळ सपाटीच्या मुखाकडच्या कडेवर बसणार नाही, असं ग्रामसभेने लिहून दिलं. या दुसऱ्या अटीवर माझा तितकासा विश्वास नाही. चढतं पाणी तोच गाळ आत, थेट व्हाळाच्या तोंडाकडे नेऊ शकतं. उपशाच्या काळात सपाटीवर गाळ किती बसतो ते खुंट्या रोवून मोजल्याशिवाय हे ठरणार नाही, आणि अटींमध्ये खुंट्यांचा उल्लेख नाही.

एक वाद मात्र शिल्लक आहे. जानेवारीत पायांनी काढलेली हद्द आणि चिखलात डीएनए मिळालेल्या जागा एकमेकींशी जुळत नाहीत. चिखलातली खूण हद्दीबाहेर, जेटीच्या दिशेलाही आहे. गाळ टाकायची नवी जागा सुचवली गेली आहे ती नेमकी या मधल्या पट्ट्याला लागून. प्राध्यापकांचे विद्यार्थी म्हणतात, तो पट्टाही कुरणच धरा, यंदा नाही तर पुढच्या वर्षी तिथे उगवेल. मला हे डीएनएच्या जोरावर मान्य नाही. चिखलातली खूण दहा वर्षांपूर्वीची असू शकते, किंवा वळणावरच्या पाल्यासारखी वाहत आलेली. पण विद्यार्थ्यांचं म्हणणं तपासायला एक स्वस्त मार्ग आहे. बेकारीच्या बिया जेमतेम मिलिमीटरभर असतात. त्या पट्ट्यातला चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतला की सापडतात किंवा सापडत नाहीत. सापडल्या आणि त्यातल्या काही मचूळ पाण्याच्या ताटलीत रुजल्या, तर रेघ पुढे सरकवायला हवी, आणि अध्यक्षांनीही तसं कबूल केलं आहे. चाळण्या कॉलेजच्या मृदा प्रयोगशाळेत आहेत, चिखल काढून द्यायचं काकींनी मान्य केलंय, आणि हे सगळं मृगाच्या आत उरकायचं आहे, कारण पहिल्या पुरानंतर व्हाळ तो चिखल कुठे नेऊन टाकेल याचा भरवसा नाही.